ईवाईंनी धरलेली खाट

राउंड येणार म्हटलं की आमच्या वॉर्डात, पाहुणे यायच्या आधी घरात उडते तशी धांदल उडायची. डबे खाटेखाली सरकायचे, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले टॉवेल खाली उतरायचे, जमिनीवर झोपलेले नातेवाईक आपापल्या चटया गुंडाळायचे. मग दारावरचा गार्ड काठी आपटत ओरडायचा, "राउंड हाय, राउंड! पेशंट सोडून सारे बाहेर व्हा!" आणि आम्ही सगळे व्हरांड्यात जाऊन उभे राहायचो. मी शाळेत शिकवते. इतरांना वर्गाबाहेर काढायची मला सवय आहे, स्वतः बाहेर निघायची नाही. त्या गार्डचं आणि माझं पहिल्याच दिवशी वाजलं होतं.

वडिलांच्या हर्नियासाठी मी रजा काढून आले होते. दिग्रसजवळच्या आमच्या गावात ते अजून स्वतः शेतात जातात, आणि ओझं उचलू नका म्हटलं की हमखास ओझं उचलतात. याच ऑपरेशनसाठी त्यांना याच सरकारी दवाखान्यातून दोनदा परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा कारण एकच, बीपी वाढलेलं. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांचं बीपी चढायचं आणि बीपी चढलं की ऑपरेशन टळायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, आतडं एकदा त्यात अडकून बसलं तर जिवावर बेतेल, आता लांबवू नका.

बाबांनी मात्र निघतानाच मला बजावलं होतं. "या खेपेला वापस पाठवलं तं मी काई पुन्ना येत नाई. जे व्हाचं ते घरीच होऊ दे."

दुसरं कोणी असं म्हणालं असतं तर मी कानामागे टाकलं असतं. पण बाबा कमी बोलतात आणि बोललेलं फिरवत नाहीत. मी लहान असताना एकदा आईशी भांडून त्यांनी चहा सोडला. भांडण संध्याकाळीच मिटलं, चहा अजून सुटलेलाच आहे. त्यामुळे या वेळी परत जावं लागलं तर काय होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. कळंबच्या चिंतामणीला मी मनातल्या मनात साकडं घातलं होतं, आणि माझं देवाशी एरवी फारसं बोलणं नसतं.

वॉर्डात दाखल झाल्यावर गोळ्या सुरू झाल्या आणि बीपी हळूहळू उतरलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळच्या राउंडलाही असंच राहिलं तर परवा ऑपरेशन, पहिला नंबर तुमचाच. त्या रात्री बाबा घोरत झोपले. मी जागीच होते.

आता राउंडचं सांगते. डॉक्टरांच्या आधी सिस्टरांचा राउंड व्हायचा. रात्रपाळीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेखाटेशी उभं राहून सांगायच्या, याला ताप होता, याची पट्टी बदलायची आहे, हा रात्री खूप कण्हला. बरोबर बीपीचं मशीन असायचं. चादर ओढून नीट करायची, सलाइन पाहायचं, हाताला हात लावायचा आणि पुढे जायचं. बाबांना तो हात लावणं फार आवडायचं. "बाई पाह्यते बराबर," म्हणायचे.

पण त्या सकाळी सगळी गणितं बदलली होती. इनचार्ज सिस्टर सुट्टीवरून परत आल्या होत्या. आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं, पण त्यांची कीर्ती वॉर्डभर होती. बाबांच्या शेजारच्या खाटेवर अपेंडिक्सचा एक पेशंट होता, त्याला वॉर्डातली सगळी माहिती. त्याने आम्हाला सांगून ठेवलं होतं, "इनचार्ज बाईले खाटंवर माणूस दिसला पाह्यजे. खाट खाली दिसली का पेशंट पळाला समजते अन् नाव कापते." हे कितपत खरं होतं देव जाणे. पण सरकारी दवाखान्यात पेशंटांचा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा जास्त चालतो.

सकाळी मी रक्ताचा रिपोर्ट आणायला खाली गेले. रांगेत उभी राहणार तेवढ्यात फाटकातून माझे सासरे येताना दिसले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. उमरखेडकडच्या गावाहून पहिली एसटी पकडून आले होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात, आणि ईवाई आला की त्याचा मान राखावा लागतो, मग यजमान आजारी का असेना. बाबा खाटेवर झोपलेत आणि ईवाई उभे आहेत, हे चित्र बाबांच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

"मामाजी, तुम्ही कशाला एवढ्या दूरचा त्रास घेतला?" मी म्हटलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

"त्रास कायचा? ईवायाचं ऑपरेशन हाय अन् मी घरी बसू?" मामाजी म्हणाले. बोलता बोलता त्यांनी फाटकाचा गज धरला. "बसमंदी जराशी भोवळ आल्यावानी झालती. होते तसं. वारं लागलं असन."

त्यांना वॉर्ड कुठला ते सांगून मी रांगेत गेले. रांग काही हलायचं नाव घेईना. रिपोर्ट हातात पडला तोवर वर राउंड सुरू झाला होता. जिना चढून आले तर वॉर्डाचं दार बंद, दारात गार्ड, व्हरांड्यात नेहमीचे नातेवाईक, आणि त्या नातेवाइकांच्या घोळक्यात, डोक्यावर स्वच्छ टोपी घालून आणि हातात चहाची प्लॅस्टिकची पिशवी धरून, माझे वडील.

मला आधी काही समजेचना. "बाबा, तुम्ही इथं काय करताय?"

"ईवाई आले ना," बाबा म्हणाले. "चहा आणाले गेलतो."

"तुम्ही? पेशंट?"

"मंग कोन जाईन? तू तं नव्हती. ईवायाले म्हनलं, तुमी बसा खाटंवर, थकून आले, मी आलोच. इतं येऊन पाह्यतो तं हा सोडून नाई राह्यला."

मी गार्डकडे वळले. "अहो, हे पेशंट आहेत. यांना आत सोडा."

गार्डने बाबांना टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "पेशंट टोपी घालून चहा आणाले जाते का बाई? सारेच असे म्हनते. थांबा थोडं."

मी बाबांवर चिडू की गार्डवर चिडू, हेच मला ठरवता येईना, म्हणून मी दोघांवरही चिडले. बाबा शांतपणे चहाची पिशवी या हातातून त्या हातात घेत उभे होते. चहा निवेल याचीच त्यांना काळजी. मला मात्र त्या अपेंडिक्सवाल्याचं बोलणं आठवत होतं. रिकामी खाट, इनचार्ज सिस्टर, कापलेलं नाव. मग बाबा पिशवी उचलतील आणि दिग्रसची गाडी पकडतील, आणि त्यानंतर त्यांना इथे आणायची ताकद ना माझ्यात होती ना आईत.

दार उघडलं तशी मी आत धावले. मामाजी खाटेजवळ उभे होते. चादर नीट घडी करून ठेवलेली. चेहऱ्यावर मोठं काम पार पाडल्याचं समाधान.

"झालं सारं बराबर," ते हळूच म्हणाले. "काई फिकर करू नको."

काय झालं ते विचारणार इतक्यात सिस्टरांच्या टेबलाकडून आवाज आला. बाबांचा खाट नंबर पुकारून विचारत होत्या, या पेशंटचे नातेवाईक कोण? मी गेले. इनचार्ज सिस्टर म्हणजे उंच, चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या बाई. वर न बघताच म्हणाल्या, "उद्याचं ऑपरेशन होणार नाही. बीपी खूप वाढलेलं आहे. डॉक्टरांना कळवलंय मी."

माझ्या मागे बाबा येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते ऐकलं आणि सरळ खाटेकडे गेले. मी वळून पाहिलं तर ते खाटेखालची पिशवी बाहेर ओढत होते.

मग माझा तोल गेला. मी वर्गातला आवाज काढला. कितीदा परत पाठवणार तुम्ही माणसाला, काल संध्याकाळपर्यंत बीपी नीट होतं, रात्री माणूस घोरत झोपला, आणि सकाळी तुम्ही म्हणता वाढलं? मशीन तरी धड आहे का तुमचं? सगळा वॉर्ड ऐकत होता. सिस्टरांनी चष्मा काढला. त्याही काही कमी नव्हत्या.

"मशीन नवीन आहे. मी स्वतः मोजलं, दोनदा मोजलं. आत्ता, राउंडमध्ये."

"आत्ता?" मी म्हटलं. "आत्ता तर बाबा बाहेर होते. माझ्याजवळ. व्हरांड्यात."

मग सिस्टर उठल्या आणि ताडताड खाटेपाशी गेल्या. तिथे सारख्याच वयाचे, सारख्याच पांढऱ्या मिशांचे दोन म्हातारे उभे. एकाच्या एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात चहाची.

"यातला पेशंट कोण?"

"हे," मामाजींनी बाबांकडे बोट दाखवलं.

"मग खाटेवर कोण झोपलं होतं?"

"मी."

"मी फाइलवरचं नाव वाचलं तेव्हा हो कोण म्हणालं?"

"मीच म्हनलं, हाव."

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होता. एरवी रात्रपाळीच्या सिस्टर सोबत असत्या तर त्यांनी लगेच ओळखलं असतं, पण त्या एका अपघाताच्या पेशंटबरोबर खाली गेल्या होत्या. इनचार्ज सिस्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "अहो बाबा, दंडाला पट्टा बांधताना तरी बोलायचं! कशासाठी केलंत हे?"

मामाजी गांगरले. त्यांना रागावलेल्या बायकांची सवय नाही, माझ्या सासूबाई फार मऊ आहेत. "त्या पोट्ट्यानं सांगतलं ना जाता जाता," ते शेजारच्या खाटेकडे बघत म्हणाले. अपेंडिक्सवाल्याला सकाळीच घरी सोडलं होतं. "खाट खाली दिसली तं तुमी नाव कापता म्हने. अन् ईवाई तं माह्यासाठी चहा आणाले गेलते. माह्यामुळं त्याइचं नाव कापलं असतं तं पोरीले काय तोंड दाखवू मी? म्हनून जागा धरून झोपलो."

"जागा धरून?" सिस्टर म्हणाल्या. "हा दवाखाना आहे बाबा, एसटी नाही!"

आणि मला हसू फुटलं. थांबेचना. व्हरांड्यात कोंडलेला सगळा राग, भीती, त्या हसण्यातून बाहेर पडली. सिस्टरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग त्यांनाही राहवेना. त्यांनी बाबांच्या हातातल्या दोन्ही पिशव्या काढून घेतल्या, त्यांना खाटेवर झोपवलं, थोडा वेळ गप्प पडून राहायला लावलं आणि मग दंडाला पट्टा बांधला. सगळा वॉर्ड श्वास रोखून पाहत होता. पारा खाली यायला लागला, सिस्टरांनी कानातली नळी काढली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कालच्यासारखंच. उद्याच्या यादीत नाव परत घालते."

किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. मी खाली बसले, तिथेच, खाटेच्या पायाशी जमिनीवर. एक मोठं ओझं कोणीतरी डोक्यावरून उतरवून घेतल्यासारखं झालं. बाबा नुसते छताकडे बघत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या, म्हणजे ते हसत होते.

सिस्टर मात्र तिथून हलल्या नाहीत. पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबल्या. मग एकदम मऊ आवाजात मामाजींना म्हणाल्या, "बाबा, मघाशी मोजलं ते तुमचं होतं ना? बसा इकडे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते इतकं वाढलेलं बीपी कोणाचं तरी होतंच की.

त्यांनी रिकाम्या शेजारच्या खाटेवर मामाजींना झोपवलं. थोड्या वेळाने मोजलं. जरा थांबून दुसऱ्या दंडाला मोजलं. लगेच डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. डोकं दुखतं का विचारल्यावर मामाजी म्हणाले, दुखते कधी कधी, दुपट्टा बांधून घेतो आवळून. डोळ्यापुढे अंधारी येते का? येते, वावरात उन्हात येते. किती दिवसांपासून? त्याचा काही त्यांनी हिशेब ठेवला नव्हता. घरी कोणाला सांगितलं का? "कायले सांगाचं? उगीच भेव घेते सारे."

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि मला सांगितलं की हे असंच चालू राहिलं असतं तर एखाद्या दिवशी वावरातच कोसळले असते, अंग लुळं पडलं असतं किंवा त्याहून वाईट. मामाजी मात्र दुपारच्या गाडीने परत निघायच्या गोष्टी करत होते. कापसाची वेचणी चालू आहे, बाया शेतात आहेत, मी कसा राहू. इनचार्ज सिस्टरांनी त्यांची पिशवी उचलून आपल्या टेबलाखाली ठेवली आणि विषय संपवला. मी नवऱ्याला फोन केला. त्याला आधी वाटलं बाबांचं काही झालं. तुझे वडील दाखल झालेत म्हटल्यावर त्याने मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

बाबांनी आणलेला चहा एव्हाना पार निवला होता. शिवाय आता मामाजींना बिनमिठाचं जेवण आणि गोळ्या सुरू, चहा बंद. बाबांनी पिशवी खिडकीत ठेवली. "एवढा आणला अन् वायाच गेला," असं दोनदा म्हणाले. स्वतः चहाला न शिवणारा माणूस, पण त्या चहाचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

दिवसभर दोघांच्या गप्पा चालल्या. एरवी लग्नाकार्यात भेटणारे, एकमेकांना जपून बोलणारे दोघे ईवाई, खाटा शेजारी आल्यावर तुरीवरच्या अळीपासून जावयाच्या सुटणाऱ्या पोटापर्यंत सगळं बोलले. बाबा मधूनच म्हणायचे, "तुमी मोठे हुशार, ईवाई. माह्या नावावर फुकट तपासून घेतलं." मामाजी लाजायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना ऑपरेशनला नेलं. स्ट्रेचरवर झोपताना त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. टोपीशिवाय बाबा एकदम लहान दिसतात, तेवढंच मला तेव्हा जाणवलं. मामाजी उठून बसायला लागले तर सिस्टरांनी त्यांना बोटाने खाली झोपवलं. त्यांना खाटेवरून उतरायची मनाई होती.

ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर बाकावर किती वेळ बसले कोण जाणे. वेळ होत चालला तशी मी उठून दारापर्यंत जाऊन परत यायला लागले. मग कोणीतरी येऊन सांगितलं, पेशंटचे धुतलेले कपडे आणून ठेवा, म्हणून मी वॉर्डात गेले. पाहते तर बाबांच्या खाटेपाशी कोणी नवेच लोक उभे. पाय मोडलेल्या एका माणसाला त्यांनी आणलं होतं, खाटा सगळ्या भरलेल्या, आणि ही एक रिकामी. गादीवर मामाजींचा दुपट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला होता. एक टोक खाटेवर, दुसरं टोक शेजारी कुशीवर झोपलेल्या मामाजींच्या मुठीत.

"ही जागा धरून हाय," ते त्या लोकांना सांगत होते. "माणूस येऊन राह्यला वापस. येऊनच राह्यला."

आवाज मोठा होता, पण नजर सारखी दाराकडे जात होती. तोवर मला वाटत होतं की त्या दवाखान्यात बाबांसाठी घाबरलेली मी एकटीच आहे. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. मामाजींनी मला पाहिलं. दुपट्टा मात्र सोडला नाही.

तेवढ्यात गार्ड काठी आपटत आला, राउंड हाय, राउंड. मी बाहेर जायला वळले तर इनचार्ज सिस्टरांनी हाताने थांब म्हटलं. आदल्या दिवसापासून त्यांनी नवी पद्धत सुरू केली होती, फाइलवरचं नाव त्या वाचून दाखवत नसत, पेशंटलाच सांगायला लावत. मामाजींच्या खाटेपाशी येऊन त्या म्हणाल्या, "बाबा, तुमचं नाव सांगा. तुमचं स्वतःचं." मामाजींनी सांगितलं. सिस्टरांनी बीपी पाहिलं, उतरतंय म्हणाल्या. मग त्यांची नजर शेजारच्या खाटेवरच्या दुपट्ट्यावर गेली, मुठीवर गेली. मला वाटलं, आता ओरडणार.

त्या नव्या लोकांकडे वळल्या. "तुमची सोय मी दुसरीकडे करते," त्या म्हणाल्या. "ही जागा धरलेली आहे."

राउंड संपायच्या आतच स्ट्रेचरची चाकं वाजली. बाबा जागे होते, कमरेत सुई देऊन केलं होतं सगळं. डॉक्टर मागून येत म्हणाले, छान झालं, आता मान न उचलता झोपून राहायचं. मामाजींनी मूठ सोडली. सिस्टरांनी दुपट्टा उचलला, त्याची घडी केली आणि मामाजींच्या उशाशी ठेवली. चौघांनी मिळून बाबांना खाटेवर घेतलं.

बाबांनी मान उचलली नाही, नुसते डोळे शेजारी वळवले.

"ईवाई," ते म्हणाले, "तुमचा चहा राह्यला बरं माह्याकडं."

मामाजींनी घडी केलेला दुपट्टा उलगडला आणि तोंडावर ओढून घेतला. मी बाबांच्या डोक्यावर टोपी ठेवली.